गळलेली तिथी

ही हकीकत सांगायची मी सतरा वर्षं टाळली. टाळणं जड गेलं नाही, कारण विचारणारं कोणी नव्हतं. त्या खोलीत बसलेले काही जण बदलून गेले, एक-दोघे वारले, आणि जिला विचारायचा खरा हक्क होता तिने एकदाही विचारलं नाही. माणसाला कोणी विचारलं नाही की त्याला हळूहळू वाटू लागतं, सांगण्यासारखं काही घडलंच नसावं. मलाही तसं वाटायचं. वर्षातले दहा महिने वाटायचं.

उरलेले दोन महिने आश्विन आणि कार्तिक. नवरात्रातले गरब्याचे कर्णे थंडावतात, ऊन पांढरं पडतं, पाम बीच रस्त्याकडेचं गवत खालून पिवळं व्हायला लागतं आणि आमच्या नेरुळच्या गल्लीत सप्तपर्णी फुलते. सिडकोने हौसेने लावलेली ही झाडं आता चौथ्या मजल्यापर्यंत पोचली आहेत. संध्याकाळी त्यांचा वास इतका दाट होतो की शेजारच्या कुलकर्णीबाई खिडक्या लावून घेतात आणि जिन्यात भेटल्या की म्हणतात, "काका, अर्जावर सही करा ना. माझं तर डोकं उठतं. छाटून टाकू दे एकदाची." मी सही करत नाही. आमच्या विभागाच्या व्हरांड्याबाहेर असंच एक झाड होतं. माझंही डोकं उठतंच, पण झाड छाटून ते थांबणार नाही.

मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक होतो. खाडीतले जीव हा माझा विषय. वडील माथाडी कामगार. साताऱ्याकडून आले, आयुष्यभर पोती वाहिली, आणि घाऊक बाजार मुंबईतून वाशीला हलला तेव्हा बाजाराच्या मागोमाग आम्हीही खाडी ओलांडली. घरातला पहिला पदवीधर मी. एम.एस्सी.ला असताना वर्गापुढे बोलायला उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्यात "तिथं पानी व्हतं" असं तोंडून गेलं. वर्ग हसला. माझे सर हसले नाहीत. तास संपल्यावर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "आधी भाषा धुऊन ये. मग विज्ञान बघू." मी धुतली. आरशापुढे उभा राहून धुतली. वर्षभरात इतकी स्वच्छ झाली की सुटीला गावी गेलो तर चुलते मला 'साहेब' म्हणायला लागले. ते थट्टेने म्हणत होते की खरंच, हे मला आजही कळलेलं नाही.

हे सांगतो आहे ते सबब म्हणून नव्हे. पुढे जे झालं त्यातल्या पहिल्या अर्ध्याला हे कारण पुरतं, दुसऱ्या अर्ध्याला पुरत नाही.

तिला इथे मी दर्शना म्हणतो. हे तिचं खरं नाव नाही. उरणकडच्या खाडीकाठच्या गावातली मुलगी, वडील आणि चुलते मासेमारीतले, आई चिखलातल्या निवट्या धरून बाजारात विकणारी. निवटी म्हणजे डोळे डोक्यावर असलेला, ओहोटीला पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारत फिरणारा मासा. पीएच.डी.साठी विषय काय घ्यायचा असं मी विचारलं तेव्हा बाकीचे विद्यार्थी मोठमोठी नावं सांगत. ही म्हणाली, "निवट्या." मुलाखतीला बसलेल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "खाल्ल्यात का कधी?" ती म्हणाली, "सर, त्याच्यावरच वाढलोय." सगळे हसले, तीही हसली. मी तिला घेतलं. तेव्हा मला वाटलं होतं, मी फार चांगलं काम करतो आहे.

एकदा तिच्याबरोबर चिखलात गेलो. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट बांधावर ठेवले आणि चार पावलांत रुतलो. समोरून तिची आई टोपली कमरेला लावून येत होती. हात खांद्यापर्यंत काळा. माझ्याकडे बघून ओरडली, "वो मास्तर, पाय उचलू नका! वाकडा करा नि वोढा, वोढा!" मी ओढला, तर दुसरा गेला. मग लेकीला म्हणाली, "यांना पुढं नको नेऊ गो, सरकारी मानूस हाय, भरून द्यावा लागंल!" दर्शना हसून हसून खाली बसली, चिखलातच. त्या दोघींनी मला दोन्ही दंडांना धरून बाहेर काढलं. मग आईने बिळात हात घातला, कान जमिनीला लावावा तसं डोकं एका बाजूला कलतं केलं आणि म्हणाली, "हाय घरात." हात बाहेर आला तेव्हा मुठीत निवटी होती. घरात आहे की नाही हे कशावरून कळलं, असं मी विचारलं. "दारातला चिकल बघायचा. ताजा हाय म्हंजे मालकीन आतच."

माझ्या तीस वर्षांच्या अभ्यासात मला इतकं सरळ निरीक्षण कोणी सांगितलं नव्हतं. तरी मी ते टिपून घेतलं नाही. दर्शनाने टिपलं होतं.

तिची वही दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. पानं चिखलाने फुगलेली, काहींवर अंगठ्याचे ठसे. तारखा नव्हत्या, तिथ्या होत्या. खाडीवरची माणसं तिथीवर चालतात, कारण तिथी कळली की भरती कळते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी, म्हणजे चिखल उघडा. हे गणित ती श्वास घेतल्यासारखं करायची. नोंदीही घरच्या बोलीत: 'आश्विन वद पाचम. पानी उतारलं. बिलांच्या तोंडाव ताजा चिकल. मोट्या निवट्या सा. बारक्या लय, मोजल्या नाय.' मोजल्या नाहीत तर मोजल्या नाहीत असं लिहिणारा विद्यार्थी मला नोकरीत दुसरा भेटला नाही. बाकीचे आकडा टाकून मोकळे होतात.

पुढच्या वर्षीचा आश्विन आला. दसरा होऊन गेला होता. तिच्या कामाचा आढावा घ्यायला समिती बसणार होती, मधे दोनच दिवस होते. तोपर्यंत मी वही नीट उघडून पाहिली नव्हती. त्या दुपारी पाहिली आणि माझ्या कानांत तो जुना वर्ग हसला.

"हे असं समितीपुढे ठेवणार तू?"

"सर, ही चिखलातली वही आहे. पक्कं नंतर टाइप करणारच आहे."

"ती वही मागतील, अगं. आणि हसतील. नवीन वहीत फेअर कर. तारखा घाल, वेळा घाल, सगळं इंग्रजीत."

आपल्याकडे शाळेपासून ही सवय. प्रयोगवही रफ असते आणि मग फेअर होते. फेअर वहीला मार्क मिळतात. पण खाडीवर लिहिलेली वही फेअर करायची नसते, तिची किंमतच तिच्या चिखलात असते, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला शिकवत असे. तरीही म्हणालो.

मागच्या वर्षाचं कॅलेंडर विभागात नव्हतं. मला कोजागिरीची तारीख आठवत होती, कारण त्या दिवशी आमच्या सोसायटीत दूध होतं. मी कागद ओढला. "ही पौर्णिमा. इथून पुढे मोज. वद्य सप्तमी म्हणजे सातवा दिवस, नवमी म्हणजे नववा. सोपं आहे."

ती थांबली. "सर, तसं नाही चालणार. मधे षष्ठी आलीच नव्हती. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी सप्तमी होती. घरी जुनं कॅलेंडर आहे, आई फेकत नाही. उद्या आणते."

कधीकधी तिथी गळते. एका सूर्योदयाला पंचमी असते आणि दुसऱ्याला थेट सप्तमी. कोणत्याही पंचांगात दिसेल. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी घाईत होतो, आणि माझ्या विद्यार्थिनीने मला दुरुस्त करावं हे मला त्या क्षणी आवडलं नाही.

"मला तिथ्या शिकवू नकोस," मी म्हणालो. "आजच संपव."

तिने संपवलं. सुंदर अक्षरात, मी सांगितलेल्या तारखा घालून. जुनी वही मी माझ्या स्टीलच्या कपाटात ठेवली. "ही कोणाला दाखवू नकोस," असंही म्हणालो. माझ्या मनात तेव्हा तिला वाचवायचं होतं. मी ज्या हसण्यातून गेलो त्यातून ती जाऊ नये. आपल्याला जे लागलं तेच औषध समजून दुसऱ्याला पाजणारे मार्गदर्शक खूप असतात. मी त्यांतला एक.

समितीत बाहेरून आलेले तज्ज्ञ माझे वर्गमित्र होते. हुशार आणि काटेकोर माणूस. त्यांनी फेअर वही चाळली आणि विभागाचा हजेरीपट मागवला. का मागवला ते मला कळलं नाही, सवयच असावी त्यांची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले, बोट फिरवत राहिले. मग चष्मा काढला.

"मॅडम, या तारखेला दुपारी बाराला तुम्ही उरणला चिखलात होता?"

"हो सर."

"आणि त्याच दिवशी दहा ते पाच इथे विभागात सही केलीये. दोन ठिकाणी कशा होता?"

ती गोंधळली. मग तिला कळलं. तिला कळलं हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, कारण ती त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली. नवमी. एक दिवस पुढे सरकलेली नवमी.

"मूळ वही कुठंय?" त्यांनी विचारलं. "चिखलात नेता ती?"

"माझ्याकडे नाही, सर." खरं होतं. तिच्याकडे नव्हती.

मग ते माझ्याकडे वळले. "काय रे, गाइड तू. तू पाहिलीस का मूळ वही?"

बाहेर सप्तपर्णी फुलली होती. पंखा फिरत होता. त्या महिन्यात विभागप्रमुखपदासाठी माझं नाव वर गेलं होतं. मी वही फेअर करायला लावली, मी तारखा चुकवल्या, मूळ वही माझ्या कपाटात आहे, असं मी म्हणालो असतो तर काय झालं असतं? समितीने मला झापलं असतं. प्रमुखपद कदाचित दोन वर्षांनी मिळालं असतं. बस. एवढंच.

मी म्हणालो, "विद्यार्थिनीने मला हीच वही दाखवली."

तिने नजर काढून घेतली. मला वाटलं होतं ती बोलेल. आजही कधी वाटतं, ती बोलली असती तर मी कबूल झालो असतो. पण तिने बोलावं अशी अपेक्षा धरणं म्हणजे माझं काम तिच्यावर टाकणं. ती काही बोलली नाही. आमच्याकडे सरांसमोर सरांना खोटं पाडायचं नसतं. हेही मीच तिला शिकवलं होतं, दोन दिवस आधी.

समितीने लिहिलं, नोंदी विश्वासार्ह नाहीत. सभ्य शब्द होता. विभागात त्याचा अर्थ दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्यांना कळला. आकडे घरी बसून बनवले.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी कपाट उघडलं. पंचमीचं पान काढलं. खाली समासात, तिरक्या अक्षरात तिने लिहून ठेवलं होतं: 'सट नाय आली. पाचम झाली का लगेच सातम.' वर्षभर आधी, चिखलात उभं राहून. कोणी विचारेल म्हणून नव्हे, खरं तसं होतं म्हणून. ते पान समितीच्या अध्यक्षांपुढे ठेवलं असतं तर दहा मिनिटांत सगळं मिटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही पिशवीत घालून अध्यक्षांच्या दारापर्यंत गेलो. शिपाई म्हणाला, "साहेब चहाला गेलेत. बसा, येतीलच." मी म्हणालो, "नंतर येतो." मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं, की ते हलकं वाटणं मला अजून विसरता येत नाही.

दर्शना आठवडाभर येत राहिली. व्हरांड्यातल्या बाकावर बसायची, हातात काही नसायचं. मी आत दार लावून कागद चाळायचो. एकदा दार उघडलं तर ती उठून उभी राहिली. मी घड्याळात बघितलं आणि म्हणालो, "मीटिंग आहे." ती म्हणाली, "बरं सर." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

संशोधन सोडायच्या अर्जावर मार्गदर्शकाची सही लागते. कारण म्हणून तिने 'कौटुंबिक अडचण' लिहिलं होतं. मी सही केली. खाली तारीख घातली. ती मात्र बरोबर होती.

घरी बायकोने विचारलं, "ती निवट्यावाली पोरगी हल्ली दिसत नाही हो. मागे डबाभर निवट्या घेऊन आली होती." मी म्हणालो, "सोडलं तिने." "का?" "घरचं काहीतरी." बायको म्हणाली, "हुशार होती. तुम्ही अडवायचं होतंत." पुढच्या वर्षी मी विभागप्रमुख झालो. बायको आता नाही. तिलाही मी सांगितलं नाही.

याच्यानंतरचं सांगायला मला अधिक लाज वाटते.

निवृत्त झाल्यावर विद्यापीठाने मला प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला बोलवायला सुरुवात केली. विषय असा की वेगवेगळ्या घरांतून, गावांतून, भाषांतून आलेल्या संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन कसं करावं. वातानुकूलित हॉल, चार्टपेपर, रंगीत पेनं, दुपारी पुलाव आणि गुलाबजाम. शिक्षक कुरकुरत येत. "सर, सिनॉप्सिस राहू द्या, आमच्या पोरांना रजेचा अर्ज लिहिता येत नाही." "मेंटॉरिंग कसलं, सर, आमचं आम्हाला झेपेना." मी हसून ऐकायचो. मग एक चिठ्ठी द्यायचो. आपण पहिल्यांदा कॉलेजात आलो तेव्हा ज्या शब्दावर लोक हसले तो शब्द लिहा. मोठमोठ्या पदांवरची माणसं मान खाली घालून लिहायची. मी फळ्यावर 'व्हतं' लिहायचो. एकदा एका बाईंचे डोळे भरून आले होते.

मी त्यांना सांगायचो, विद्यार्थी कुठून येतो, किती वेळ प्रवास करतो ते आधी विचारा. तो ज्या भाषेत बघतो त्या भाषेत त्याला लिहू द्या, भाषांतर मागाहून होतं. त्याने तुम्हाला दुरुस्त केलं तर आभार माना. आणि चारचौघांत त्याच्यावर बोट उठलं तर आधी तुम्ही उभे राहा. सगळं खरं होतं. लोक वहीत उतरवून घेत. अभिप्रायाच्या कागदावर लिहीत, 'सरांच्या अनुभवातून खूप शिकायला मिळालं.' ते अनुभवातूनच आलं होतं. फक्त त्या अनुभवात मी कोणत्या बाजूला होतो ते मी सांगत नव्हतो.

आणि मी दर्शनाची वही दाखवायचो. नाव झाकून, पडद्यावर मोठी करून. म्हणायचो, "एका मार्गदर्शकाने ही वही फेअर करायला लावली. काय चुकलं त्याचं?" एका मार्गदर्शकाने. लोक त्या माणसाला नावं ठेवत, आणि मी मान डोलावत असे. वर्षानुवर्षं मी असं केलं. खोटं बोलून तिचं काम बुडवलं, आणि मग त्याच वहीवर टाळ्या घेतल्या.

दोन वर्षांपूर्वी, पुन्हा याच दिवसांत, शीतल पाटील नावाच्या तरुण प्राध्यापिका प्रशिक्षणाला आल्या. मूळच्या शिरवण्याच्या. पडद्यावरची पानं बघताना त्या मोठ्याने वाचायला लागल्या, आणि त्या वाचायला लागल्यावर कळलं की ती वही आजवर कोणी नीट वाचलीच नव्हती. "बिलांच्या तोंडाव ताजा चिकल." हेल, थांबणं, सगळं जागच्या जागी. मागून कोणीतरी म्हणालं, "वा मॅडम, एकदम ओरिजिनल!" त्यांनी वळून पाहिलं. "ओरिजिनल काय, आमच्या घरी असंच बोलतात." हशा पिकला. मग त्या समासाजवळ थांबल्या.

"सर, हिने तर इथे लिहिलंय, षष्ठी आली नाही म्हणून. मग चूक कुठे आहे? हिची वही बरोबर आहे."

"हो," मी म्हणालो.

"मग हिला पीएच.डी. मिळाली असेल ना? कुठे असते ही आता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "लग्न झालं तिचं." झालं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं.

हॉलभर माना हलल्या. लग्न झालं म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न येत नाही. शीतलबाईंची मान हलली नाही. त्या तशाच पडद्याकडे बघत बसल्या. जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सर, तो मार्गदर्शक अजून आहे का हो? मला त्याला एकदा बघायचंय." मी गुलाबजामची वाटी खाली ठेवली. "आहे," म्हणालो. त्यानंतर मी प्रशिक्षणाला गेलो नाही.

चौथ्या दिवशी उरणला गेलो. तो चिखल आता नाही. भराव पडला, त्यावर द्रोणागिरीच्या बाजूने गोदामं आणि कंटेनरच्या रांगा आल्या. निवट्यांची ती बिळं, त्यांच्या दारातला ताजा चिखल, कोणत्या तिथीला किती दिसल्या, किती मोजल्या नाहीत, हे आता फक्त त्या एका वहीत आहे. ते काम छापलं असतं तर निदान कागदावर राहिलं असतं. त्याची जबाबदारीही माझ्याकडेच येते.

घर सापडलं. दर्शनाची आई ओट्यावर बसली होती, वाकलेली. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. "मास्तर! रुतलेले मास्तर!" आत हाक मारली, "दर्शना, ए गो, बघ कोन आलाय!"

दर्शना आली. चाळिशीची झालेली, गळ्यात एका कंटेनर यार्डचं ओळखपत्र. गेटवर येणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवायचं काम. आज सुट्टी होती. वाकून नमस्कार केला. मला तो घेणं असह्य झालं, पण मागे सरायला जागा नव्हती. चहा आला. आई बोलत राहिली. "लय शिकवलंत तुमी हिला. बापाचं दुखनं निघालं नि हिनं सोडून दिलं. मी बोल्ले व्हते, नको सोडू, सर काय म्हनतील? तर बोल्ली, सरांना सांगितलंय, सर काय नाय बोल्ले. देवमानूस तुमी."

दर्शना कपबशा गोळा करत होती. तिने वर बघितलं नाही. पंधरा वर्षं तिने घरात माझं नाव जपलं होतं.

नेरुळहून निघताना मी सगळं मनात जुळवून घेतलं होतं. वाटेत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं, ओठ न हलवता. आईसमोर बोलता आलं नाही. म्हणालो, "निघतो." दर्शना सहा सीटर रिक्षांच्या नाक्यापर्यंत सोडायला आली. रस्त्याला ट्रेलर धडधडत होते. नाक्यावर एक रिक्षा भरत आली होती. ड्रायव्हर ओरडत होता, "चला काका, एकच सीट!"

"सर," ती म्हणाली, "काही काम होतं का?"

"नाही गं. सहज आलो."

तिने मान हलवली. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "आईला तेवढं कधी सांगू नका हां सर. समितीचं. तिला कळलं तर तिला वाटेल मी खोटं लिहिलं होतं."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. एवढी वाट पंधरा वर्षांत मला कोणी करून दिली नव्हती. फक्त तोंड उघडायचं होतं.

"नाही सांगणार," मी म्हणालो, आणि रिक्षात बसलो.

मी म्हणायला हवं होतं ते हे. दर्शना, तू खोटं लिहिलं नव्हतंस. तारखा मी चुकवल्या, वही माझ्या कपाटात होती, आणि त्या खोलीत खोटं मी बोललो. मला माफ कर. चल, परत घरी जाऊ. आईला मीच सांगतो.